दोघींचा नाच

घटस्फोटाचा निकाल लागला त्याच आठवड्यात नणंद-भावजयीचा नृत्याचा प्रयोग होता. आपल्या भावाचं घर मोडून गेलेल्या भावजयीशी नणंद कित्येक महिने एक शब्द बोलली नव्हती. नाच मात्र मैत्रीवरचा. त्या नुसत्या मैत्रिणी होत्या तेव्हा नाचाच्या बाईंनी दोघींसाठी बसवलेला. जाहिरात झाली होती, माघार घ्यायची सोय नव्हती. तालमीत बाई ओरडायच्या, "अगं, हात धरताय की गळा?" दोघी ऐकून घ्यायच्या आणि एकमेकींकडे न बघता पुन्हा सुरुवात करायच्या.

प्रयोगात नणंदेच्या खांद्यावरून उतरताना भावजयीचा पाय मुरगळला. ती रंगमंचाच्या कडेवरून खाली कोसळणार, तेवढ्यात नणंदेनं तिला कमरेत धरलं, पाठीवर घेतलं आणि उरलेला नाच तिला तशीच पेलत पुरा केला. लोकांना वाटलं, तसंच बसवलंय. टाळ्या थांबेनात.

पडदा पडल्यावर नणंदेनं तिला आत नेऊन खुर्चीत अक्षरशः आदळलं.

भावजय कळवळली. पाय चोळत म्हणाली, "माझा तोल जायच्या आधीच तुझा हात आला. कळलं कसं तुला?"

"तू कधी तोंडावर आपटतेस, याचीच तर वाट बघत होते."

"मग आपटू द्यायचं होतंस."

नणंद घाम पुसत दाराकडे निघाली होती. वळूनही न बघता ती म्हणाली, "हातांनी मला विचारलं नाही."