टेकडीवरच्या टॉवरचं दार

शिरपूरच्या ऑफिसात गजर वाजला आणि गिरधर खुर्चीतून उडालाच. टेकडीवरच्या टॉवरचं दार कुणीतरी उघडलं होतं. तेही भरदुपारी!

"पंडित, जीप काढ! सापडले!"

खानदेशात मोबाइल नुकताच आला होता आणि त्याच्या मागोमाग चोरही. दोन टॉवरच्या बॅटऱ्या लंपास झाल्या, तेव्हा वरच्या साहेबांनी इंजिनियर म्हणून गिरधरलाच धारेवर धरलं. म्हणून त्याने दारांना हे गजर बसवले होते. आज पहिला मासा गळाला लागला होता.

चौकीवरून दोन पोलीस घेतले आणि जीप सुसाट निघाली.

"मंग वॉचमन काय करी राहिना?" पंडितने गिअर बदलत विचारलं.

"तेरसिंग? अरे, तोच सामील आहे! परवा मला विचारतो कसा, 'साहेब, दार उघाडं का तुमले तठे समजस? गाडी येवाले कितला येळ लागस? मांगे कितला मानसं मावतस?' पोलीस किती येतील याचा अंदाज घेत होता लेकाचा!"

"मंग तुम्ही काय बोलनात?"

"बजावलं. उगाच दार उघडलंस तर त्याच दिवशी घरी पाठवीन. चेहराच पडला. चोराच्या मनात चांदणं!"

टेकडीवरचा कच्चा रस्ता कंपनीने टॉवरसाठीच केलेला. पलीकडच्या उतारावरच्या तेरसिंगच्या पाड्यापर्यंत तर एक चाकही जात नसे. आज त्या रस्त्यावरून धुरळा उडवत जाताना गिरधरला, खरं सांगायचं तर, मजा वाटत होती.

वर टॉवरपाशी दहाबारा माणसं दिसली.

"पळू देऊ नका!" तो ओरडला.

पण कुणी पळेना. उलट सगळे जीपकडेच धावत आले.

दार सताड उघडं होतं. गिरधरने आत डोकावलं. बॅटऱ्या जागच्या जागी. एक वायरसुद्धा निघालेली नव्हती.

"चोर कुठे आहेत?"

तेरसिंगने किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या. "चोर कोनी नई, साहेब. दार मीच उघाडं. नोकरी गई, मालूम शे माले."

तो बाजूला झाला. मागे चौघांनी खांद्यावरून एक बाज खाली टेकवली. तिच्यावर त्याची लेक रेशमा, कालपासून बाळंतपणात अडलेली, बाजेची कड घट्ट धरून कण्हत होती.

"जीपना मांगना बाक काढा, साहेब," तेरसिंग म्हणाला. "दुसरी गाडी कथाईन बलावतू?"