यादीत नसलेला नंबर

कस्तुराबाईंच्या पत्राला नानासाहेबांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा ठरला, की आदल्याच दिवशी पोलीस बाईंच्या मुलाला, मुंजाबाला, उचलून नेत. त्याची वाळूजच्या कारखान्यातली नोकरीही त्यापायीच गेली. मोर्चाचं बोलणं व्हायचं ते फक्त उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या किराणा दुकानाच्या फोनवर. 'आमचा फोन कुणी ऐकतं का?' एवढंच बाईंनी विचारलं होतं.

लोकांचे फोन ऐकणाऱ्या सरकारी खात्यावर नजर ठेवायला नेमलेल्या समितीत नानासाहेब होते. पण तपासायचे नंबर खातंच निवडून देई आणि त्या यादीत बाईंचा नंबर कधीच नसे. त्यांनी तो मागितला, की खात्याचे अधिकारी हसून म्हणत, "यादीत नाही म्हणजे ऐकतच नाही, साहेब!" नानासाहेब तपासणीच्या अहवालावर सही करत आणि घरी येऊन स्वतःवरच चरफडत.

शेवटी एका दुपारी दुकानातून बाईंचाच फोन आला. "नानासाहेब, लई दिस झाले. व्हय म्हणा नायतर नाय म्हणा, पर पत्राचा जबाब तरी द्या की!"

"उद्या नक्की लिहितो, बाई," ते ओशाळून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या अधिकाऱ्यांचा फोन आला. "बाईंना आज काय लिहिताय, साहेब? जरा जपून, हं."

तासाभरात नानासाहेबांनी पोस्टकार्ड पेटीत टाकलं.

'बाई, तुमचा फोन ऐकतात. नाहीतर माझा.'