पानांची तोंडं

“हे बदामी पानांचं न्या, मावशी. चार दिवस पाणी विसरलात तरी रुसत नाही,” माळीणबाई म्हणाली. “ते गुलाबी छटांचं दिसतं झोकात, पण भलतं लाडावलेलं. जरा उजेड कमी पडला की गुलाबीपणा गुल!”

मावशी बहिणीच्या बैठकीतल्या कुंड्यांवरून नुसती नजर फिरवत होती. फिलोडेंड्रॉनच्या शोभेच्या वेलाचं रोप हवंय म्हणून काल तिने भाच्याला फोन केला, पण ते निमित्त होतं. ती आली होती थोरल्या बहिणीसाठी. महिन्यापूर्वी ताई फोनवर तावातावाने म्हणाली होती, “माझ्या जिवात जीव आहे तोवर पोराला हे घर विकू देणार नाही.” त्यानंतर चिडीचूप.

“आई मैत्रिणींबरोबर डोंगरात गेलीय. तिथे फोन लागत नाही,” भाच्याने आज दारातच सांगितलं होतं. तेही जरा जास्तच गोड आवाजात. जिन्याच्या दहा पायऱ्यांनी ताईला धाप लागायची. ती म्हणे डोंगरात!

“अहो दादा, रोपासाठी एखादी पिशवी बघता का?” माळीणबाईने हाक मारली. भाचा मुकाट्याने माळ्यावर शोधायला गेला.

ही बाई सहा वर्षं दर आठवड्याला येऊन ताईची झाडं सांभाळत होती. ताईचा तिच्यावर भारी विश्वास. घराची एक किल्लीसुद्धा तिच्याकडे असायची.

“आणि कुंडी रोज थोडी फिरवायची बरं का,” ती म्हणाली. “नाहीतर झाड उजेडाकडे तोंड करून बसतं. झाडाच्या पोटात काही राहत नाही.”

हात धुवायला म्हणून मावशी आतल्या बोळात गेली. टोकाच्या खिडकीवर जाड पडदा ओढलेला होता. मधे अडगळीची खोली, दाराला कुलूप, दारावरच्या काचेआड काळोख. दारासमोर ताईचं सर्वांत जुनं फिलोडेंड्रॉन, काठीला धरून छातीइतकं चढलेलं. त्याची खालची जून पानं खिडकीकडे वळलेली होती. वरची चार कोवळी पानं मात्र त्या बंद दाराकडे बघत होती.

म्हणजे आत महिनाभर दिवा जळत होता. आज, आपण येणार म्हणून, विझवला होता. अडगळीला दिवा कशाला लागतो?

तिने दारावर हळूच टकटक केली. आत काहीतरी फरशीवरून घासत दारापर्यंत आलं आणि थांबलं.

मावशी झपाझप परत फिरली. बैठकीत येऊन तिने माळीणबाईचं मनगट घट्ट धरलं. “ताई अडगळीच्या खोलीत आहे! ती पानं बघा, दाराकडे वळलीत. पोरानेच कोंडलंय तिला. चला, आधी बाहेर पडू. पोलिसांना आणू.”

माळीणबाईचा चेहरा पांढराफटक पडला. ती बोळात गेली, झाड नीट बघून परत आली.

“आणखी कुणाला बोललात?”

“कुणाला बोलणार? आत्ताच तर कळलं. तुम्हीच एक आपल्या.”

माळीणबाईने मान डोलावली आणि ती बाहेरच्या दाराकडे चालू लागली. मावशीला धीर आला. तिने पर्स उचलली.

माळीणबाईने दाराला आतून कडी घातली. पिशवी घेऊन भाचा समोर येऊन उभा राहिला होता.

“कितीदा सांगितलं होतं तुला,” ती त्याच्यावर खेकसली, “कुंडी रोज फिरवत जा म्हणून!”