वरवरचा घोट

वासितीने तिसऱ्यांदा यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. आकडा तोच. नसोलो गावची यंगोना, म्हणजे पाण्यात पिळून प्यायची ती कैफाची मुळं, पाणचट, नापास.

बाहेर प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात सेमेसामामा इस्त्रीचा सुलु नेसून बसला होता. गावाची यंगोनाची पोती सुवा बंदराच्या धक्क्यावर पडून होती. शुक्रवारच्या जहाजाने ती ऑकलंडला गेली, तर चर्चवर नवं छप्पर चढणार होतं. नाहीतर आल्या बोटीने परत. आणि भाचीनेच नापास केलं हे गावाला सांगायचं, ते वेगळंच.

"काय गं, कडक निघाली ना?"

"पाणचट आहे म्हणतंय, मामा."

"पाणचट ती वाईकेलेवाल्यांची. खाडीपलीकडचं धुण्याचं पाणी." वाईकेलेची पोती याच नव्या यंत्राने गेल्या आठवड्यात परत पाठवली होती आणि मामाने ती बातमी बेटभर हौसेने वाटली होती. "तुझ्या यंत्राला जीभ नाही. बस इथे, आपण बघू."

त्याने पिशवीतून त्याच मुळांची पूड काढली आणि तनोआत, त्या पसरट लाकडी वाडग्यात, पाणी ओतून फडक्यातून पिळली. मग गावच्या गप्पा निघाल्या. कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं डुक्कर कोणाच्या रताळ्यांत शिरलं. वासितीचा घसा सुकला. तिने करवंटी उचलून वरवर बुडवली.

मामाने तिचं मनगट धरलं. "अगं, आधी ढवळ. शहरात राहून हेही विसरलीस? जोर सगळा तळाशी, आणि तू वरचं पाणी पिणार होय?"

वासिती तशीच थांबली. मग करवंटी मामाच्या हातात देऊन आत पळाली.

यंत्राचा हात नळ्यांच्या रांगेवर उतरत होता. टोक पाण्याला टेकलं की त्याला कळायचं. मग ते केसभर खाली जाऊन तिथलाच घोट ओढायचं आणि वर यायचं, लाटेत पावलं भिजवून माघारी फिरणाऱ्या पाहुण्यासारखं. नळ्यांच्या तळाशी राखाडी गाळ स्वस्थ बसून होता. हाताने काम होतं तेव्हा वासिती नळी सवयीने हलवायची. यंत्राला ती सवय सांगायचीच राहिली होती. तिला स्वतःचंच हसू आलं.

तिने यंत्राला नवा हुकूम दिला. आधी तळाशी जा, ओढ, परत सोड, पुन्हा ओढ. घोट त्यानंतर. एकट्या मामाची नळी लावली असती तर लोक बोलले असते, म्हणून यंत्र आल्यापासून नापास झालेल्या सगळ्या गावांचे नमुने तिने पुन्हा रांगेत लावले.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता.

"पास, मामा. पोती चढव जहाजावर."

मामाने रीतीप्रमाणे हातांची पोकळी करून एक घुमणारी टाळी वाजवली आणि करवंटी एका दमात रिकामी केली. "बोललो नव्हतो? अख्ख्या बेटावर आपल्यासारखी नाही."

"एक आहे," वासिती म्हणाली. "वाईकेलेची. सगळ्यांत कडक तीच निघाली. तू परत चाललाच आहेस, तर त्यांना निरोप दे. शुक्रवारच्या आत पोती घेऊन या म्हणावं."

मामाने करवंटी खाली ठेवली.

"पोरी," तो म्हणाला, "तुझं यंत्र आता जरा जास्तच ढवळायला लागलंय."