चारची जीप

तळोद्यात जीपवाला हॉर्नवर हॉर्न देत होता आणि एस्तेर सिस्टर तिसऱ्यांदा बॅग भरत होती. बीपीचं मशीन, हातमोजे, बाळाचा वजनकाटा, सगळं बसलं. फक्त एक गाठोडं बसेना.

"सिस्टर, अजून किती टाईम शे?"

तिने चिडून छत्री काढली, जेवणाचा डबा काढला आणि गाठोडं वर कोंबलं.

डोंगरावर दिवस भरलेली रमीबाई दारातच म्हणाली, "दवाखान्यात नाही येणार, सांगितलं ना. तू बॅग दाखवते आणि चारच्या जीपने जाते. पोर रात्री आलं तर?"

एस्तेरने बॅग उघडून वरचं गाठोडं सोडलं. त्यात तिची स्वतःची साडी आणि टूथब्रश होता.

रमीबाईने वाकून पाहिलं आणि दुसरी गोधडी झटकायला घेतली.