रश्श्याची वाटी

"अल्सरची जखम पूर्ण भरली! ॲसिडच्या गोळ्या आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले, आणि धोंडीरामनं रिक्षा थेट स्वतःच्या मिसळीच्या हॉटेलाकडे पळवायला लावली.

दोन महिने तो घरी होता. रोज उपाशीपोटी गोळी, मग दूधभात. हॉटेल बायको, शेवंता, बघत होती.

दारातल्या गर्दीला ढकलत तो आत घुसला. "रश्श्याची वाटी दे, लवकर!"

शेवंताचा चेहरा पडला. त्यानं घोट घेतला आणि थबकला. "माझा झणका कुठंय?"

"तुमचे हाल बघून तिखट निम्मं केलं, खोबरं वाढवलं. सांगायचा धीर झाला नाही."

त्यानं मागं वळून बघितलं. रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. एवढी त्याच्या हातच्या मिसळीला कधी लागली नव्हती.

त्यानं वाटी एका दमात संपवून पुढे केली. "आणखी वाढ!"

शेवंतानं पळी रांगेच्या टोकाकडे दाखवली. "अहो, रांगेत या."