छोटा जोड

महिन्याच्या पहिल्या रविवारी गावचं संग्रहालय फुकट असतं. गेझिना पूर्वी लेकीला घेऊन यायची. लेक वारल्याला तीस वर्षं झाली, तरी गेझिना येतेच.

लाकडी जमिनीवर ओरखडे नकोत म्हणून आत बुटांवर लोकरी सपाता चढवतात. दारावरच्या नव्या माणसाने, ओनोने, दोन जोड पुढे केले. एक इवलासा.

"अहो, मी एकटीच आहे."

"मग आत्ता वर पळाली ती कुणाची?"

गेझिनाने सगळी दालनं, वरचं जहाजांचंसुद्धा, पालथी घातली. चिटपाखरू नव्हतं.

निघताना तिने आपल्या सपाता टोपलीत टाकल्या. ओनो किल्ल्या घेऊन उठला.

"छोटा जोड आला नाही अजून, बाई."

वरच्या मजल्यावर लोकर फरफटत गेली.

गेझिनाने खुर्ची ओढली. "बसते मी. जहाजं बघितल्याशिवाय तिचा पाय निघत नाही."